युद्धनौकांच्या प्रतिकृती घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला

पुण्याहून रत्नागिरीच्या संग्रहालयात प्रतिकृती न्यायच्या असल्या की आम्ही मलकापूरवरून आंबा घाट उतरतो. वळणं बरीच, त्यामुळे बांधाबांध निघतानाच पक्की हवी. नौका तळातून दोन स्क्रूंनी पेटीच्या फळीला आवळायची. फोम पेटीभोवती लावायचा, नौकेभोवती नाही; तो रेलिंगला टेकला की पहिल्याच खड्ड्यात रेलिंग वाकतं. पेटी गाडीच्या लांबीत ठेवली की ब्रेकचा धक्का कण्याच्या दिशेने जातो आणि नौका कलत नाही. साखरप्याला जेवायला थांबलो तर गाडी सावलीतच लावतो. बंद गाडी तापली की प्लास्टिक आणि पितळ कमीजास्त प्रसरण पावतात आणि फेविक्विकचे जोड सुटतात.

घाट उतरला की डिसेंबरातही हवा दमट लागते. पाली, हातखंबा करत पोचल्यावर पेट्या लगेच उघडत नाही. त्या मांडणीच्याच खोलीत रात्रभर बंद राहू देतो, म्हणजे लाकूड आणि दोरा हळूहळू तिथल्या हवेला सरावतात. आंग्र्यांच्या काळातल्या गुराबेच्या, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजाच्या, प्रतिकृतीला हे फार लागतं. सुती दोरा दमटपणात आखडतो, आणि देशावर ताणून बांधलेले दोर इथे डोलकाठी ओढून वाकवतात. म्हणून डोलकाठीला पेलणारे दोर आम्ही पॉलिस्टरचे घेतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र शोकेसच करते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) किंवा ताज्या प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते. बंद जागेत, त्यात कोकणच्या दमट हवेत, शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी धरते आणि तोफ आतून पोखरली जाते. रंगाचा थर देऊन हे थांबत नाही. तोफा पितळेच्या किंवा रेझिनच्या असाव्यात, आणि शोकेसचा तळ ॲल्युमिनियमचा, वर ॲक्रिलिक. आत आम्ल सोडणारं काही नसलं की शोकेस निर्धास्तपणे हवाबंद करता येते. मग सिलिका जेल, म्हणजे हवेतला ओलावा धरणारे आणि सोडणारे दाणे: घनमीटरला २० किलो हा संग्रहालयांचा जुना हिशेब. ८० × ३० × ३५ सें.मी.च्या शोकेसला साधारण पावणेदोन किलो लागतं. ते तळाखालच्या खणात ठेवावं, म्हणजे बदलताना नौकेला हात लागत नाही. शेजारी छोटा आर्द्रतामापक हवाच. काटा ५० ते ५५ टक्क्यांत राहिला पाहिजे.

१९७१ च्या युद्धातल्या नौका एकाच प्रमाणात मांडाव्यात, याबाबत आम्ही हट्टी आहोत. १:३५० ला २१३ मीटरची 'विक्रांत' ६१ सें.मी. भरते आणि 'खुकरी' जेमतेम २७. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवलेली 'खुकरी' केवढीशी होती, हे पोरांना शेजारी ठेवल्यावरच उमगतं. गुराब या प्रमाणात बोटभर होईल, म्हणून ती वेगळ्या फळीवर, मोठ्या प्रमाणात ठेवतो आणि पाटीवर प्रमाण ठळक लिहितो.

निघण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना दोन गोष्टी दाखवून ठेवतो. ॲक्रिलिकवर काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे मारायचा नाही, त्याने बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. आणि जूनपासून दर महिन्याला आर्द्रतामापक बघायचा: काटा ५५ च्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये सुकवून, ५० ते ५५ टक्क्यांच्या हवेला सरावलं की परत खणात.