हत्तीचे पाय

स्मरणिका समितीचं पत्र आलं. 'शाळेने मला काय दिले' या विषयावर चारशे शब्द आणि सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो. फोटो पाठवला आहे. चारशे शब्दांचं मात्र जमणार नाही, कारण मला एक कबुली द्यायची आहे आणि ती सहावीपासून तुंबलेली आहे. शिवाय शाळेने काय दिलं हे मला धड सांगता येत नाही. बाईंनी काय दिलं ते येतं. कोणत्या बाई, हे तुम्हाला सांगायला नको. जिन्याखालच्या खोलीतल्या.

शनिवारचे शेवटचे दोन तास तिथे मातीकामाचे असायचे. दारातच ओलं गोणपाट अंथरलेलं, त्यावर पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही. कोपऱ्यात दोन बादल्यांमध्ये मळलेली माती, वर ओलं फडकं. ती बाई स्वतः मळत. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर पदर खोचून, फरशीवर गुडघे टेकून, अंगाचा भार मनगटांवर टाकत. एकदा विसरलेली वही घ्यायला परत गेलो तेव्हा मी ते बघितलं होतं. पुढच्या गोष्टीसाठी हे ध्यानात ठेवा.

प्रत्येकाने आपल्या ओंजळीत मावेल एवढाच गोळा घ्यायचा. मोठा हात, मोठा गोळा. लहान हात, लहान गोळा. तक्रार चालत नसे. गोळा तळहातावर थोपटून गुळगुळीत करायचा आणि मधोमध अंगठा घालायचा, पण आरपार नाही; तळाला बोटभर माती राहिली पाहिजे. मग अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर. चिमटा काढायचा, थोडं फिरवायचं, पुन्हा चिमटा, पुन्हा फिरवायचं. तळापासून वर यायचं, काठाला शेवटी हात लावायचा. आम्ही सगळे काठापासून सुरुवात करायचो, कारण तिथे लगेच काहीतरी झाल्यासारखं दिसतं. मग काठ पातळ होऊन फाकायचा, फुलासारखा उलगडायचा, आणि बूड तसंच धोंड्यासारखं राहायचं.

"डोळे मिटा," बाई म्हणायच्या. "आता जाड कुठेय ते बोटांना विचारा."

चाळीसेक पोरं डोळे मिटून मातीच्या वाट्या चाचपडतायत आणि खोलीत अजिबात आवाज नाही, असं दृश्य मी पुन्हा कुठेच पाहिलं नाही. भिंत पेन्सिलीएवढी जाड हवी, हे माप आमच्या बोटांत तिथेच बसलं.

पाणी म्हटलं की आमच्या अंगात यायचं. काठाला चीर पडली की बचकभर पाणी, आणि दोन मिनिटांत वाटी मान टाकायची. बाईंनी पाण्याची भांडीच काढून घेतली. टेबलावर फक्त एक ओला स्पंज. त्याला बोट टेकवायचं आणि चिरेवरून फिरवायचं, तेवढंच.

वाटीचा शेवटी प्राणी करायचा, पण कोणता हे आधी ठरवायची मुभा नव्हती. "आधी पोट, मग प्राणी," हा नियम. वाटी झाली की ती उभी, आडवी, कलती करून बघायची आणि हे पोट कुणाचं आहे ते ओळखायचं. आडवी धरली की तोंड वासलेला मासा. पालथी घातली की कासव. एकाची इतकी वाकडी झाली होती की तो रडकुंडीला आला, बाईंनी ती नुसती टेबलावर कलती ठेवली, आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं, "बेडूक!" झालं. डोळ्यांच्या दोन गोळ्या लावायच्या तेवढ्या उरल्या.

आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली: बाईंनी आमच्या कामाला कधी बोट लावलं नाही. वर्गात फिरताना त्यांचे हात पाठीमागे बांधलेले असत. काही दाखवायचं झालं तर स्वतःचा गोळा घेत, त्यावर दाखवत आणि मोडून परत बादलीत टाकत. मी आज रविवारी सोसायटीतल्या मुलांना हेच शिकवतो आणि दर रविवारी माझे हात चुकारपणे पुढे जातात. समोर एक पोर मांजराचं शेपूट शिंगासारखं लावत असताना गप्प बसणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही.

कान, शेपूट, पाय यांचं शास्त्र वेगळं होतं. जमेल तिथे कान पोटातूनच ओढून काढायचा, म्हणजे तो गळत नाही. वेगळा लावायचा तर दोन्ही बाजूंना मोडक्या कंगव्याने ओरखडे काढायचे, सायीएवढा दाट चिखल लावायचा आणि किंचित हलवत दाबायचं, मग सांध्यावरून बोटाने माती इकडून तिकडे ओढायची. नुसतं चिकटवलेलं वाळताना हात सोडतं. काडीसारखे लांब पाय वर्ज्य. पाय हवेत तर पोकळ, पेन्सिलीभोवती मातीची पट्टी गुंडाळून केलेले. इथे माझं घोडं अडलं.

माझा हत्ती होता. दोन वाट्या काठाला काठ लावून जोडल्या की आत हवा कोंडते आणि त्या हवेच्या आधाराने बाहेरून थोपटून हवा तो आकार देता येतो. असं माझ्या हत्तीचं पोट झालं होतं. मग पाठीवर रोप लावण्यापुरतं तोंड कापायचं. पोट झकास जमलं. पाय मात्र बाईंच्या पद्धतीने केले ते एकेक करून बसले. हत्ती गुडघे टेकून बसल्यासारखा दिसायला लागला. शेजारच्या बाकावरचीचा ससा एव्हाना दोन्ही कान ताठ करून माझ्याकडे बघत होता. तो फार सुरेख झाला होता आणि तिला ते ठाऊक होतं.

प्राणी आठवडाभर प्लास्टिकखाली हळूहळू वाळत ठेवलेले असत. कान पातळ, ते आधी वाळून आक्रसतात आणि तडकतात, म्हणून कानांवर ओल्या फडक्याच्या चिंध्या. सगळं कपाट कानदुखीच्या दवाखान्यासारखं दिसायचं. प्लास्टिक काढायच्या आदल्या संध्याकाळी मी त्या कपाटातून माझा हत्ती काढला, पोकळ पाय मोडले आणि मुसळासारखे चार भरीव पाय ठोकून बसवले. आता हत्ती उभा राहिला. कसला राहिला!

भट्टीला पाठवायच्या दिवशी बाई एकेक प्राणी उचलून गालाला लावत. माती गार लागली तर आत ओल आहे, तो प्राणी मागे. माझा हत्ती उचलला, पाठ गालाला लावली. पाठ वाळलेली होती. पाय कोण गालाला लावणार? हातात तोलत त्या म्हणाल्या, "जड आहे रे."

"हत्ती आहे, बाई."

त्या हसल्या आणि हत्ती टोपलीत गेला. त्यांना शंका आली होती का, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

टोपल्या परत आल्या तेव्हा एका टोपलीत वर पेंढा आणि खाली नुसता चुरा. हत्ती गेला होता, आणि जाताना आजूबाजूचे सहा जण घेऊन. सगळ्यांचेच तुकडे झालेले, त्यामुळे आधी कोण फुटलं हे कळायला मार्ग नव्हता. मुली रडायला लागल्या. बाईंनी फरशीवर वर्तमानपत्रं पसरली आणि सगळा चुरा त्यावर ओतला. "आपापलं शोधा. आणि कुठे जाड तुकडा दिसला तर मला दाखवा. जिथे जाड, तिथून सुरुवात झाली असणार."

मी सगळ्यांच्या आधी गुडघ्यांवर बसलो. अर्धवट फुटलेले दोन पाय मला लगेच दिसले. मुठीत घेतले, मूठ खिशात. बाकीच्यांची शोधाशोध मधल्या सुट्टीपर्यंत चालली. ससा सापडला, तुकडे जोडून उभाही राहिला; एक कान तेवढा मिळाला नाही. जाड तुकडा कुणालाच मिळाला नाही.

मग व्हायचं ते झालं. जाड तुकडा नाही म्हणजे दोष मातीचा. माती नीट मळली नव्हती, आत हवेचे बुडबुडे राहिले, असं मोठ्या माणसांचं ठरलं. पालकांच्या सभेतही काही बोललं गेलं म्हणतात. बाईंनी एवढंच सांगितलं, "माती मी मळली होती." पुढच्या वर्षी रंगीत प्लास्टिसिनच्या कांड्या आल्या, त्या भाजायला लागत नाहीत. बादल्या कुठे गेल्या ते कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

पुढचं थोडं माझ्याविषयी, मनोगतात तेवढी सूट असते. मी आज सॅनिटरीवेअरच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. सोप्या भाषेत, वॉशबेसिन आणि कमोड. घरची मंडळी लग्नकार्यात 'सिरॅमिक्समध्ये असतो' एवढंच सांगतात. आमच्याकडे पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, साचा पाणी शोषतो, भिंत धरली की उरलेली ओतून देतात. मग वाळवण, ग्लेझ म्हणजे काचेसारख्या चकाकीचा लेप, आणि १२०० अंशांच्या आसपास भट्टी. ओल मोजायला यंत्रं आहेत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी मात्र कच्च्या बेसिनला गाल लावला. फोरमन आधी हसला, मग म्हणाला, "कुठे शिकलात?"

तेव्हा या विषयातला जाणकार म्हणून लेखी देतो. नुसत्या हवेच्या बुडबुड्याने भांडं फुटत नाही. हवा मातीच्या छिद्रांतून वाट काढते. फोडते ती ओल. १०० अंशांना पाण्याची वाफ होते आणि ती जवळजवळ १६०० पट जागा मागते. भिंत पेन्सिलीएवढी असेल तर ती निसटते. मुसळाएवढा पाय असेल, वरून वाळलेला आणि आतून ओला, तर तिला जायला वाट नसते. पुढे ५७३ अंशांना मातीतली गारगोटी एकदम फुगते, तिथेही भट्टी जपून चढवावी लागते, पण माझा हत्ती तिथवर पोचलाच नसणार. बाई, तुमची माती उत्तम मळलेली होती. जाड तुकडे माझ्या खिशात होते.

चेक देशात दोल्नी व्येस्तोनित्से म्हणून जागा आहे. तिथे २५ ते ३० हजार वर्षांपूर्वीचे भाजलेल्या मातीचे हजारो तुकडे सापडले: अस्वलं, सिंह, गेंडे आणि केसाळ हत्तीसुद्धा. १९२५ साली तिथेच एक स्त्रीमूर्ती दोन तुकड्यांत मिळाली आणि तिच्या पाठीवर पुढे एका मुलाच्या बोटाचा ठसा आढळला, वय सात ते पंधराच्या मधलं. यातले बरेच प्राणी भाजताना फुटले आहेत. ते मुद्दाम ओले विस्तवात टाकून फोडत असावेत, असं काही अभ्यासक म्हणतात. असेलही. मला मात्र ते वाचताना तिथलं एखादं पोरगं दिसलं, मुठी खिशात घालायला खिसेही नसलेलं.

जिन्याखालच्या खोलीत आता सर्व्हर आणि झेरॉक्स मशीन आहे, असं कळलं. वातानुकूलित आहे म्हणे. तिथे ओलं गोणपाट चालणार नाही, हे खरंच आहे. तरी एक विनंती. ज्येष्ठ शिक्षकांच्या सत्कारात बाईंना व्यासपीठावर शाल-श्रीफळ द्याल, ते द्या. पण आधी दहा मिनिटं त्यांना कुठल्याही खोलीत, कुठल्याही टेबलापाशी बसू द्या. माती मी घेऊन येतो. या खेपेला मी मळलेली.

आणि निमंत्रणपत्रिकेवर स्वागत समितीत सशावालीचं नाव वाचलं. तुझा ससा अजून असेल, नसेल, ठाऊक नाही. त्या दिवशी घाईत पायांबरोबर आणखी एक पातळ तुकडा माझ्या मुठीत आला होता. पाय मी त्याच संध्याकाळी शाळेमागच्या ओढ्यात टाकले, तो टाकवला नाही. तीन घरं बदलली, दोन कपाटं बदलली, तो पेनांच्या डब्यात आहे. ससा असला तर घेऊन ये. कान डावा आहे की उजवा, ते मला अजून ओळखता आलेलं नाही. लावून बघावं लागेल.