आमची वाटचाल : चोवीस कामट्यांचा कंदील

चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय आमच्या कारखान्यात पुढची गाठ मारली जात नाही. नऊ इंची चौकोन असेल तर दोन्ही कर्ण पावणेतेराच्या आसपास आणि अगदी सारखे यायला हवेत. एक तेरा आणि दुसरा साडेबारा भरला, तर चौकोनाचा शंकरपाळा झाला. असे सहा शंकरपाळे जोडून केलेला आकाशकंदील टांगला की मान वाकडी करून बसतो, मग त्याला कितीही महागाचा कागद लावा. पुण्यात १९९१ पासून आम्ही पारंपरिक कंदील बांधतो. आमचा कंदील लोकांनी ओळखला तो कागदावरून नव्हे, सरळ सांगाड्यावरून. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो का आहे हे सविस्तर सांगायलाच हवं, कारण अलीकडे 'पारंपरिक' हा शब्द कुणीही कशावरही छापतं.

सहा चौकोन, म्हणजे चोवीस कामट्या, बांबूच्या पातळ पट्ट्या. चौकोन कोपऱ्याला कोपरा असे बांधले की मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. बाजूच्या चार चौकोनांना एक रंग, आठ त्रिकोणांना दुसरा. बहुतेकांनी लहानपणी हा कंदील केलेला असतो आणि बहुतेकांचा तो पिळला गेलेला असतो. कारण साधं आहे : नुसत्या गाठींनी बांधलेला चौकोन कोपऱ्यात फिरतो, आणि चौकोन फिरले की सगळा सांगाडा मिटायला बघतो. त्यावर उपाय म्हणून बाजूच्या चारही चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखे दोन दोरे ताणून बांधायचे. कागदाआड ते दिसत नाहीत. आमच्याकडे याला 'ताण' म्हणतात आणि ताण न दिलेला सांगाडा कागद लावायच्या टेबलावर जात नाही.

सुरुवातीला आमच्याजवळ रविवार पेठेतली एक खोली आणि बुरूड आळीतले एक मामा होते. मामा भागीदार कागदावर कधीच नव्हते, पण आमचा पहिला भागीदार कोण असं कुणी विचारलं तर त्यांचंच नाव घेतो. बांबू बघावा तो त्यांनी. कोवळा, वर्षभराचा बांबू सोलायला सोपा जातो म्हणून नवखे तोच उचलतात. तो सुकताना आकसतो, गाठी सैल पडतात, आणि त्यात पिठाचा अंश जास्त असल्याने किडा लवकर लागतो. सांगाड्याखाली पिवळी भुकटी पडलेली दिसली की समजावं, कोवळा बांबू होता. मामा तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्यायचे, पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे. पाण्यात तो पिठाचा अंश उतरतो. पाणी कुजकट वास मारायला लागतं, तेव्हा ते बदलायचं.

कोयत्याने उभे चार भाग, मग सुरीने कामट्या. रुंदी बोटाच्या पेराच्या निम्मी, जाडी तीन मिलिमीटर. दहा इंच लांब कापायची, दोन्ही टोकांना अर्धा इंच गाठीला जातो आणि नऊ इंच उरतात. बांबूचं पेर कामटीच्या टोकाशी येता कामा नये, गाठ आवळताना तिथेच फाटते. आणि एक गोष्ट जी मामांनी शिकवली आणि आजही शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतो : कामटीची गुळगुळीत पाठ आत, पोट बाहेर. पाठीवरच्या सालीला मैद्याची खळ धरत नाही. कागद दोन दिवस चिकटलेला दिसतो, तिसऱ्या दिवशी दवाने सुटतो, आणि मग लोक खळीला दोष देतात.

चौकोन बांधायला आमच्याकडे सागवानी फळीचा साचा आहे. फळीवर काटकोन बघायचा गुण्या लावून चार कोपरे आखले आहेत, प्रत्येक कोपऱ्याला दोन पितळी खिळे, मध्ये कामटी बसेल एवढी फट. लोखंडी खिळे गंजतात आणि कामटीवर डाग पाडतात, म्हणून पितळी. मामांनी स्वतः ठोकलेला तो साचा अजून रोज वापरात आहे. त्यावरून आम्ही नवे साचे केले, पण मोठ्या मागणीचं काम निघालं की पहिला चौकोन जुन्यावरच बांधतो आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघतो.

मधली वर्षं चांगली गेली. १९९८ च्या सुमारास गणपतीचे थर्माकोलचे मखर सुरू केले आणि मखरांच्या पैशावर दिवाळीचा कागद-बांबू येऊ लागला. जागा वाढली, माणसं वाढली. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते २०१८ चं. थर्माकोलचा धंदा ज्यांनी केला त्यांना माहीत आहे की हा माल म्हणजे खोलीभर हवा. मीटर बाय अर्धा मीटरच्या शीट, तापलेल्या नायक्रोमच्या तारेने कापायच्या, पांढऱ्या पाण्याच्या डिंकानेच चिकटवायच्या, कारण रबरी सोल्युशन लावलं की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. जागा प्रचंड लागते, म्हणून काम वर्षभर पसरून करावं लागतं. गणपतीचा माल आम्ही जानेवारीपासून कापत असू. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना निघाली तेव्हा आमचं गोदाम छतापर्यंत भरलेलं होतं.

बंदी चुकीची होती असं आमचं म्हणणं नाही. विसर्जनानंतर नदीकाठी तरंगणारे मखर आम्हीही बघत होतो. पण शिल्लक मालासाठी तीन महिन्यांची मुदत मिळाली, ती २३ जूनला संपली, आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १३ सप्टेंबरला. एप्रिल-मे महिन्यात मखर कोण विकत घेतं? ज्या मालाला वर्षात एकच पंधरवडा गिऱ्हाईक असतं त्याला उन्हाळ्यातली मुदत देऊन काय उपयोग, हे विचारायला आमच्यासारख्या लहान कारखानदारांना जागाच नव्हती. जुलैत उच्च न्यायालयानेही सवलत नाकारली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड होता. आम्ही एकही मखर चोरून विकला नाही. सगळा माल पुनर्वापरासाठी रद्दीच्या भावाने गेला, तोही वाहतूक आमच्या खर्चाने, कारण टेम्पो भरून नेला तरी वजन काटा हलवत नाही.

कायद्यापेक्षा जास्त लागलं ते माणसांचं वागणं. आमचा निम्म्याहून जास्त माल उचलणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याने मार्चअखेर मागणी रद्द केली. ते समजण्यासारखं होतं. पण त्याने बयाणाही परत मागितला, ज्याच्या शीट केव्हाच कापून झाल्या होत्या. आम्ही तो हप्त्याहप्त्याने फेडला. त्याच दिवाळीत त्याच्या दुकानात आमच्याच कंदिलाची नक्कल टांगलेली होती : बारीक प्लास्टिकच्या नळ्या, कोपऱ्याला साच्यातले प्लास्टिकचे जोड, वर छापील शीट, आणि डब्यावर 'पारंपरिक, हस्तनिर्मित'. नमुना म्हणून आमच्याकडून नेलेला सांगाडा परत आलाच नव्हता.

त्या कंदिलात काय वाईट आहे ते सांगतो, रागाने नव्हे, हातात घेऊन बघितलं आहे म्हणून. उन्हात पंधरा दिवस राहिला की कोपऱ्याचे जोड ठिसूळ होतात आणि त्यातला एक तुटला की दुरुस्ती नाही, कारण सुटा जोड विकत मिळत नाही. छापील शीटमधून प्रकाश एकसारखा झिरपत नाही, दिवा ठिपक्यासारखा दिसतो. वजन इतकं कमी की वाऱ्यात गोल फिरत राहतो आणि वायरला पीळ पडतो. तरीही तो आमच्या निम्म्या किमतीला होता आणि लोकांनी घेतला. सांगाडा न बघता रंग बघून कंदील घेणाऱ्यांना तेव्हाही काही म्हणता आलं नाही, आजही येत नाही.

त्या वर्षी कारखाना बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. तो वाचला एका आजींमुळे. सदाशिव पेठेतल्या या आजी आमच्या जुन्या गिऱ्हाईक, पण नवा कंदील त्यांनी आमच्याकडून एकदाच घेतला होता. त्यानंतर दर वर्षी नवरात्र बसलं की जुन्या सांगाड्यावरचा कागद ओल्या फडक्याने उतरवून, कामट्या पुसून, त्या सांगाडा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "या वर्षी गुलाबी आणि पिवळा लावा." कागदाचे आणि मजुरीचे पैसे रोख. आम्ही हे काम मान म्हणून करत होतो, धंदा म्हणून नाही.

२०१८ ला त्या सप्टेंबरातच आल्या, त्याही सोसायटीतल्या मैत्रिणींना घेऊन. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आम्हाला सांगाडे द्या, कागद आम्ही घरी लावू, नातवंडांकडून लावून घेऊ, पण कापून मोजून द्या. चाळीस संच मागितले आणि सगळे पैसे आधी मोजून दिले. बयाणा नाही, पूर्ण रक्कम. त्या पैशातून बांबू आला. त्या एका मागणीतून जे काम सुरू झालं त्यावर आज आमची निम्मी उलाढाल आहे.

संच म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण बाजारात आता बरेच संच आहेत आणि बहुतेकांत कागद कमी पडतो. घोटीव कागदाचा ताव वीस बाय तीस इंचाचा असतो. त्यातून दहा इंची सहा चौकोन निघतात. चार बाजूंना, उरलेले दोन करंज्यांना, म्हणजे शोभेसाठी लावायच्या करंजीच्या आकाराच्या कागदी तुकड्यांना. प्रत्येक चौकोनाला चहूबाजूंनी अर्धा इंच घडी मिळते. दुसऱ्या रंगाच्या तावातून पावणेनऊ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या काढायच्या आणि एक सुलटा, एक उलटा असे दहा इंच बाजूचे त्रिकोण आखायचे. एका पट्टीत पाच बसतात, दोन पट्ट्यांत दहा. लागतात आठ, दोन फाटण्यासाठी जादा. इथे एक लक्षात ठेवा, त्रिकोणाला घडी पाव इंचच मिळते, म्हणून आधी त्रिकोण लावायचे आणि चौकोनाची अर्धा इंच घडी त्यांच्यावरून फिरवून ती कड झाकायची. उलट्या क्रमाने लावलं तर सांध्यातून पांढरा उजेड दिसतो. यासोबत सव्वीस कामट्या, त्यांतल्या दोन जादा, मेण लावलेला सुती दोरा आणि ताणासाठी बारीक दोरा. नायलॉनचा दोरा देत नाही, गाठ सरकते.

खळ ज्याने त्याने घरी करावी, विकतच्या डिंकाने पातळ कागद कडक होतो आणि घडीवर तुटतो. शंभर ग्रॅम मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, पाऊण लिटर पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. कारखान्यात आम्ही चिमूटभर मोरचूद घालतो, किडामुंगी लागत नाही. लहान मुलं हात घालणार असतील तर मोरचूद अजिबात नको, तो विषारी आहे. त्याऐवजी खळ रोजची रोज करा. घट्ट खळीने कागदाला सुरकुत्या पडतात, पातळ खळीने कागद भिजून फाटतो. लाल आणि जांभळा रंग ओलाव्याने शेजारच्या कागदावर उतरतो, म्हणून त्यांना ब्रशाने नव्हे, बोटाने कमी खळ लावायची, तीही कामटीला, कागदाला नाही.

झिरमिळ्यांना क्रेप कागद. सुरकुत्या उभ्या येतील अशी पट्टी कापायची. आडव्या आल्या तर दवाच्या वजनाने पट्टी लांबत जाते आणि भाऊबीजेपर्यंत जमिनीला टेकते. इंचभर रुंद, दोन फूट लांब, त्याहून लांब नको.

दिव्याबद्दल. पूर्वी साठ वॅटचा बल्ब लावत आणि कागदाला भोक पडे, कारण तो कागदाच्या फार जवळ येई आणि वरचा चौकोन शोभेसाठी कुणीतरी बंद केलेला असे. एलईडीने ती भीती बरीच कमी केली, तरी वरचा चौकोन उघडाच ठेवा. पाच वॅट पुरतो. पिवळसर प्रकाशाचा घ्या, निळसर पांढऱ्या प्रकाशात लाल-केशरी कागद मेल्यासारखा दिसतो. कंदील कधीही वायरवर टांगू नका. वरच्या चार कोपऱ्यांना चार दोरे, ते एकत्र करून आकड्याला, आणि होल्डर वेगळा सोडलेला.

२०१९ ला दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली आणि पाऊस थांबलेला नव्हता. तेव्हा बाहेर लावलेले बहुतेक कागदी कंदील गेले, आमचेही. पण आमच्या गिऱ्हाइकांचे सांगाडे राहिले. दुसऱ्या दिवशी लोक सांगाडे घेऊन आले आणि आम्ही रात्रीपर्यंत कागद लावून दिले, फक्त कागदाच्या किमतीत. नळ्यांचे कंदील घेतलेलेही आले. त्यांना देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, त्या नळीला खळ धरत नाही.

मखर आता पाच पदरी पुठ्ठ्याचे करतो. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या खांबात उभ्याच हव्यात, आडव्या आल्या की मूर्तीच्या शेजारी खांब कमरेत मोडतो. रंग एकाच बाजूने दिला की पावसाळी हवेत पुठ्ठा धनुष्यासारखा वळतो, म्हणून मागून साधा का होईना, एक हात मारायचाच.

मागच्या वर्षी तोच घाऊक व्यापारी पुन्हा आला. बांबूचे कंदील आता मागतात, पाचशे सांगाडे द्या म्हणाला, ताण नसले तरी चालतील, किंमत कमी करा. आम्ही त्याला भाव सांगितला, ताणासह, पूर्ण रक्कम आधी. त्याने फोन केला नाही. त्या सांगाड्यांना लागल्या असत्या त्या कामट्या आम्ही संचांत घातल्या आणि ते संच दसऱ्याच्या आधी संपले. या वर्षी ज्यांना सांगाडा बदलून नको, फक्त कागद हवा आहे, त्यांनी जुना सांगाडा नवरात्रातच आणावा. जुना कागद ओल्या फडक्याने उतरवून आणा, सुरीने खरवडू नका, कामटीच्या पोटाला चरे पडले की तिथे खळ साचते आणि डाग दिसतो.