बारा व्होल्टचं म्हातारपण

मॉडेल रेल्वेचं जुनं इंजिन रुळावर ठेवून कंट्रोलर फिरवला की ते तीन तऱ्हांपैकी एक तऱ्हा दाखवतं. एकतर ढिम्म हलत नाही, नाहीतर नुसतं गुरगुरतं, नाहीतर लंगडत चालतं. पहिली तऱ्हा पाहून काळजात धस्स होतं, पण बहुतेक वेळा तीच सगळ्यात सोपी असते. हौशी माणसाचा हात मात्र आधी नव्या मोटरकडे आणि डिजिटल डिकोडरकडे (रुळातून आलेले डिजिटल संदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणाऱ्या छोट्या सर्किटकडे) जातो. तो जरा आवरावा. साध्या १२ व्होल्ट डीसीवर जे इंजिन धड चालत नाही, ते डिकोडर बसवल्यावरही तितकंच वाईट चालतं, फक्त जास्त खर्चात.

ढिम्म इंजिनासाठी कंट्रोलरपासून दोन तारा काढायच्या आणि थेट मोटरच्या दोन ब्रशांच्या (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) टोकांना लावायच्या. मोटर फिरली तर ती निर्दोष. वीज वाटेत कुठेतरी अडकली आहे. ॲथर्न या अमेरिकी मॉडेल कंपनीच्या निळ्या खोक्यातल्या जुन्या डिझेल इंजिनांत ही वाट फारच भोळी आहे. एका बाजूची वीज बोगीतून (म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतून) वर येऊन पोलादी पट्टीमार्फत मोटरच्या वरच्या क्लिपला पोचते, दुसऱ्या बाजूची सांगाड्यातून खालच्या क्लिपला. सगळा भरवसा धातूला धातू टेकण्यावर. पट्टी जराशी गंजली की संपलं. तिथे पट्टी घासत बसण्यापेक्षा ती काढून लवचिक तारा सोल्डर करणं हे एकदाच केलं की सुटणारं काम आहे. या इंजिनांची मूळ चाकं दाबून भाजलेल्या लोखंडी भुकटीची, पृष्ठभाग खरबरीत, त्यामुळे मळ पटकन धरतात. निकेल सिल्व्हरची चाकं घातली तर फरक लगेच दिसतो. चाकं पुसायची तर रुळावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला कागदी रुमाल पसरावा, एक बोगी त्यावर आणि दुसरी मोकळ्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरावं आणि चाकं फिरू द्यावीत. पॉलिश पेपर नको. त्याचे ओरखडे पुढच्या मळाला घर देतात.

गुरगुरणारं इंजिन बहुतेकदा आखडलेलं असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं ग्रीस लाखेसारखं कडक होतं. बोगी मोटरपासून सोडवून मोटर आणि बोग्या एकेक करून बोटांनी फिरवून पाहिल्या की कोण अडवतंय ते कळतं. गिअर अल्कोहोलने धुऊन कोरडे करावेत आणि प्लास्टिकला चालणारं ग्रीस दातांना नुसतं लावल्यासारखं करावं. बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. इथे उदारपणा बाधतो. जास्तीचं तेल सरकत कॉम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागावर) जातं, ब्रशांच्या कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा चिखल होतो आणि तो तांब्याच्या फाकांमधल्या खाचांत बसून त्या फाका एकमेकींना जोडतो. मग मोटर तापते आणि दोष बिचाऱ्या गिअरवर येतो. खाचा टूथपिकने कोराव्यात. क्लिप काढताना मात्र वर अंगठा ठेवावा. क्लिपखालच्या स्प्रिंगा उडाल्या की खोलीतल्या सगळ्यात अवघड कोपऱ्यातच जाऊन बसतात.

लंगडणं सर्वांत फसवं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका ऐकू येत असेल तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर चिरलेला समजावा. हा गिअर आसावर घट्ट दाबून बसवलेला असतो. त्या सततच्या ताणाने तो एक दिवस फाटतो, चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि पुढचा दात तिथे आपटतो. लाइफ-लाइकच्या प्रोटो २००० मालिकेतली इंजिनं यासाठी प्रसिद्धच आहेत. गोंद लावून उपयोग नसतो. या प्लास्टिकला गोंद धरत नाही आणि ताणही जात नाही. गिअर बदलावा, नंतर दोन चाकांमधलं अंतर गेजने तपासावं, नाहीतर इंजिन प्रत्येक सांध्यावर घसरेल. वाफेच्या इंजिनात असाच ठोका येतो तेव्हा दोन बाजूंच्या चाकांमधला ९० अंशांचा कोन बिघडलेला असू शकतो. मग जोडदांड्या अडकतात.

जुन्या चुंबकांचं वागणं उलटं वाटतं. ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीच्या एक्स०४ सारख्या मोटरींत चुंबक अल्निको या मिश्रधातूचं. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर काढलं की चुंबकरेषांची वाट तुटते आणि चुंबक दुबळं पडतं, म्हणून आर्मेचर काढताना ध्रुवांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवावा. चुंबक दुबळं झालं की रिकामी मोटर हळू नाही, उलट जोरात फिरते, जास्त वीज खाते, तापते, आणि डबे जोडले की हात टेकते. चुंबक पुन्हा भारून घेणं किंवा निओडायमियम बसवणं, दोन्ही उपाय चालतात. जस्ताच्या मिश्रधातूचा सांगाडा फुगून तडकला असेल तर मात्र उपाय नाही. मिश्रधातूत शिसं शिरलं की तो आतूनच पोखरतो.

हे सगळं जमलं की मग डिकोडर. १२ व्होल्टवर, अँमीटर मालिकेत जोडून, फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) क्षणभर बोटाने धरावं; जो आकडा येईल तो डिकोडरला पेलायला हवा. एचओ (१:८७) मापाच्या इंजिनांचे नेहमीचे डिकोडर साधारण १ अँपिअरचे आणि जुन्या उघड्या मोटरी ती मर्यादा सहज ओलांडतात. तेव्हा मोटरच बदलावी. मोटरचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून तोडणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी: कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी), नायलॉनचे स्क्रू आणि मल्टिमीटरची खात्री. एक टोकही सांगाड्याला टेकलं असलं तर डिकोडर जळतो. लाल आणि काळी तार रुळांची, नारिंगी आणि करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक. एलईडीला १००० ओहमचा रेझिस्टर द्यावा. मोटरवरचा रेडिओची खरखर थांबवणारा जुना कपॅसिटर काढून टाकावा. आधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर (डिकोडर तपासण्याच्या, मर्यादित विजेच्या वेगळ्या रुळावर) ठेवून डिकोडरचा पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, वाचावा, नव्या डिकोडरचा तो ३ असतो. चूक असली तर तिथल्या मर्यादित विजेमुळे डिकोडर नुसतं उत्तर देत नाही, धूर निघत नाही.

आणि वरची टोपी, म्हणजे इंजिनाचं कवच, बसवण्यापूर्वी तारा वर्मपासून (बोगीतल्या स्क्रूसारख्या गिअरपासून) दूर टेपने बांधाव्यात.