कोटेशन बघून आलो

आज बाबांना घेऊन बाणेरला प्रीमियम हॅचबॅक (जरा वरच्या दर्जाची छोटी कार) बघून आलो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, सेसही गेला, त्यामुळे बाबा खुशीत होते. पण ऑन रोड आकडा (टॅक्स, इन्शुरन्स धरून एकूण किंमत) बघून गप्पच झाले. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे आठ लाखाच्या गाडीवर ८८ हजार, वर तीन वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) कंपल्सरी. सीएनजीला टॅक्स ८ टक्केच आहे पण गाडीच मुळात महाग पडते आणि डिकीत सिलेंडर. कोटिंग, ॲक्सेसरीज मात्र सरळ नाही म्हणा, ते कंपल्सरी नसतं! इन्शुरन्सही शोरूमऐवजी बाहेरून घेता येतो, बाबांसाठी मी तेच करणार. कोणी नुकतीच घेतली असेल तर ऑन रोड आकडा सांगा प्लीज.