तळपत्र्याखालचं लाकूड

रविवार, रात्र

आज बॉडी चासीवरून उतरवली. गाडी 1943 ची विलीज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप. वरून तळाचा पत्रा बरा दिसत होता, रंगाला दोन-चार फुगे एवढंच. खालून हातोडीने ठोकत गेलं तेव्हा आडव्या पट्ट्यांपाशी आवाज बदलला. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो.

या जीपच्या तळाला टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांचा आधार असतो, आणि त्यांच्या पोकळीत मुळातच लाकूड भरलेलं असतं. रोगाचं मूळ ते. स्पॉट वेल्डच्या (दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणाऱ्या टाक्यांच्या) फटीतून पाणी आत जातं, लाकूड ते धरून ठेवतं आणि पत्रा आतून सडत जातो. वरून ठिगळ मारून लांबी (पुट्टी) भरली तर ते फुगे पुन्हा येणारच. पट्टी उघडल्याशिवाय या गाडीच्या तळाबद्दल काहीही ठरवू नये. आज उघडली तेव्हा लाकडाचा काळा, ओलसर भुसा मुठीने निघाला.

कापण्याआधी दोन्ही बाजूंना जोडणारा 25 मि.मी.चा अँगल आडवा टाके मारून बसवला आणि दोन्ही कर्णांची मापं लिहून ठेवली. हे केलं नाही तर तळ निघताच बाजू सरकतात आणि पुढे चासीवरची भोकं जुळत नाहीत. मग तळाचे जुने स्पॉट वेल्डचे टाके 8 मि.मी.च्या स्पॉट कटरने सोडवले, फक्त वरच्या पत्र्यापुरते. ग्राइंडर सरसकट चालवला की पट्टीची मूळ जागाच हरवते.

नवा पत्रा 18 गेजचा. त्याला 8 मि.मी.ची भोकं पाडून ती मिग वेल्डिंगने भरायची, वेल्डिंगची तार 0.8 मि.मी.ची. एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला. सलग मारले तर पत्रा तापून लाटा येतात. जोडाच्या दोन्ही तोंडांना झिंक प्रायमर आधीच लावायचा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

लाकूड पुन्हा भरायचं का? मूळ रूप जपायचं असेल तर नीट वाळवून, जवसाचं तेल पाजून भरावं. ही गाडी पावसात चालणार आहे, म्हणून पोकळीत मेण आणि पाणी निघायला टोकं उघडी.

ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी ज्या खळग्यात बसते, त्याचं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलेलं होतं. तिथला पत्रा बोटाने फुटला.

चाकांबद्दल दोन गोष्टी. डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, सोडताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचे. पान्याला पाइप लावून उलट जोर केला की स्टड तुटतो. दुसरी जिवावरची: दोन भागांच्या कॉम्बॅट रिमचे बोल्ट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायचीच. हवा असताना रिम उघडली तर माणूस मरू शकतो.

वायरिंग 6 व्होल्टचं. तेवढ्याच कामाला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून स्टार्टरला आजच्या गाडीची बारीक केबल लावली की इंजिन कण्हत फिरतं. जाड केबल हवी, आणि अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडं लोखंड. महिंद्राच्या सीजे-3बी जीपचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) मात्र इथे चालणार नाही, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर असतात, या इंजिनात सगळे ब्लॉकमध्ये.

उद्या मागची पट्टी उघडायची. आवाज तिथेही भद्दच आहे.