म्युटन्सला एक दिवस उशीर झाला

दाताच्या किडीवर काम करते म्हटलं की नातेवाईक आ करून दाढ दाखवतात. माझ्या प्लेटवर दात नसतोच, दातावर राहणारे दोन शेजारी जीवाणू असतात: किडीतला मुख्य आरोपी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि बराचसा निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस. म्युटन्स म्युटॅसिन नावाचे पेप्टाइड सोडून सँग्विनिसला मारतो.

त्या आठवड्यात म्युटन्सचा यूए१५९ हा मूळ स्ट्रेन, म्हणजे वाण, आणि त्यातलंच कॉम-सी जनुक काढलेला म्युटंट अशी जोडी हाताशी होती. कॉम-सीपासून २१ अमिनो आम्लांचा पेप्टाइड बनतो. पेशीबाहेर त्याचं टोक कापलं जातं, १८ उरतात, आणि तो होतो निरोप. गर्दी वाढली की निरोप साचतो. कॉम-डी हे प्रथिन तो टिपतं, कॉम-ई हे दुसरं प्रथिन डीएनएला चिकटतं आणि म्युटॅसिनची जनुकं जागी होतात. एकट्यादुकट्याने विष करून उपयोग काय!

आज म्युटन्सचा थेंब, उद्या त्याला खेटून सँग्विनिसचा, एवढाच प्रयोग. मूळ स्ट्रेनशेजारी सँग्विनिस कुरतडल्यासारखा चंद्रकोरी दिसायचा, म्युटंटशेजारी पूर्ण गोल.

त्या सकाळी इन्क्युबेटर उघडला तर उलटंच. सँग्विनिस गरगरीत गोल आणि कोर झालेली म्युटन्सची, तीही मूळ स्ट्रेनची! कंटॅमिनेशन, कुठलातरी परका जीवाणू घुसलाय, दुसरं काय. चरफडत पीसीआर, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी, लावला. स्ट्रेन बरोबर निघाला.

मग वही उघडली. गुरुवारी म्युटन्सचं कल्चर वाढलंच नव्हतं, म्हणून मी सँग्विनिस आधी लावला होता. काय फरक पडतो, म्हणून.

सरांनी प्लेट उजेडात धरली आणि हसले. "अगं, पेरॉक्साइड!" हवेत सँग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो, आणि आधी जागा धरली की पुढच्याला वाढूच देत नाही. लॉस एंजेलिसच्या गटाने २००५मध्येच हे दाखवलंय. तो पेपर माझ्या टेबलावर होता, पिवळ्या रेघा मारलेला. लाज वाटली, दुसरं काय.

प्रयोग पुन्हा लावला, त्याच उलट्या क्रमाने, पण मधे पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे एन्झाइम टाकून. म्युटन्स कडेपर्यंत वाढला.

जुनी प्लेट मात्र टाकवेना. जिथे गर्दीच जमली नाही तिथे निरोप कुठून साचणार? लेबल झाकलं तर कॉम-सी असलेला कोणता आणि नसलेला कोणता, मला सांगता येत नव्हतं.