अडतिसावे गाणे

गेले चार दिवस मैत्रिणीच्या आणि माझ्या गाण्यांच्या सामायिक यादीत माझी पाळी अडून राहिली आहे. एक गाणे माझे आणि त्यानंतर एक तिचे, एवढा एकच नियम आम्ही केला होता आणि चौदा महिन्यांत तो एकदाही मोडला नाही. रविवारी रात्री तिने ३८ वे गाणे टाकले. मी भांडी तशीच ठेवून ऐकायला बसले, कूलरच्या घरघरीत आलाप कळेना म्हणून मे महिन्यातल्या नागपुरात कूलर बंद करण्याचा पराक्रमही केला, आणि दोनच मिनिटांत लक्षात आले की ही भैरवी आहे. तीही चित्रपटातली नव्हे, मैफलीतली, शेवटच्या टाळ्यांसकट मुद्रित झालेली.

भैरवी ही खरे तर सकाळची रागिणी. पण मैफल रात्री दहाला संपो की पहाटे, शेवट तिनेच व्हायचा आणि तिच्यानंतर दुसरे काही गायचे नाही, हा संकेत मैत्रिणीला मीच सांगितला होता. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात एका गायिकेची मैफल ऐकून आम्ही स्कूटरवरून धरमपेठेकडे परतत होतो, थंडीने हात गारठले होते आणि मी मागे बसून भैरवीच्या ऋषभ, गंधार, धैवत, निषाद या चार कोमल स्वरांवर व्याख्यान देत होते. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली होती, "मग बाईंनी ती आधीच का नाही गायली? मला नऊपासून झोप येत होती." म्हणजे तिला माहीत आहे. माहीत असून तिने भैरवी टाकली, आणि एरवी प्रत्येक गाण्यासोबत येणारी तिची एक खोचक ओळ या वेळी आली नाही.

तिला आता हे थांबवायचे आहे का? हा प्रश्न मी चार दिवसांत इतक्यांदा उलटून पालटून पाहिला आहे की त्याचे काठ झिजले असतील. सरळ विचारता आले असते. पण विचारले की ती "अगं, नाही गं" म्हणणार आणि त्या "नाही गं"चा अर्थ लावत मी आणखी चार दिवस घालवणार. शिवाय तिच्या घरी सध्या जे चालले आहे, त्यात गाण्यांचे विचारणे मलाच शोभले नसते. ते असो.

कॅसेटच्या दिवसांत हा प्रश्नच आला नसता, असे मला राहून राहून वाटते. बर्डीच्या बाजारातल्या दुकानात आम्ही कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायचो. ९० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटे, त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या लांबीची बेरीज करत तिचे एक लांबलचक गाणे काढायचे की माझी दोन छोटी, यावर भांडण ठरलेले असे. तरीही शेवटचे गाणे कधी कधी अंतऱ्यातच तुटायचे. पण शेवट करायची जबाबदारी आमच्यापैकी कुणावरही नव्हती, कारण फीतच संपत असे. आताच्या या यादीला काठ नाही. ती संपवायची तर दोघींपैकी एकीला ठरवून संपवावी लागेल, आणि ते तिने आधी ठरवले याचेच मला बहुधा वाईट वाटते आहे. मला कुणी दुसरे गाणे मागणार नाही, अशा थराला माझी स्वतःविषयीची कीव काल रात्री जाऊन पोहोचली होती.

मग आज दुपारी उन्हाने घराबाहेर पडणे अशक्य झाले म्हणून मी पहिल्यापासून सगळी यादी ऐकायला घेतली. सातवे गाणे, माझे, भैरवी. पंधरावे, माझे, भैरवी. तेविसावेही माझेच, आणि त्याबद्दल तर शंकाच नको. चित्रपटसंगीतात भैरवी इतकी मुरलेली आहे की ती टाकताना माझ्या मनातही आले नव्हते. म्हणजे मैफल मी तीनदा संपवली होती आणि ती बिचारी तिन्ही वेळा काही न बोलता पुढचे गाणे घेऊन हजर झाली होती. स्कूटरवरचे व्याख्यान तिने मनावर घेतले असते तर आमची यादी आठव्या गाण्यापर्यंतही गेली नसती.

अर्थात चित्रपटातली भैरवी वेगळी आणि मैफलीतली वेगळी, हे माझे मन अजूनही बजावते आहे. त्याला बजावू दे.

संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून झाल्यावर मी ३९ वे गाणे टाकले. गणपतीच्या दिवसांत गल्लीत लाऊडस्पीकरवर वाजणारे, तिला मनापासून न आवडणारे एक धांगडधिंग्याचे गाणे मुद्दाम निवडले, म्हणजे निदान शिव्या द्यायला तरी ती लिहील. अजून काही आलेले नाही. हे लिहिताना त्याचा मुखडा गुणगुणते आहे आणि ऋषभ कोमल लागतो आहे की काय, असा संशय येतो आहे. बाजाची पेटी माळ्यावर आहे. ती काढावी की नाही, हे ठरत नाही.